बोललेला कोंबडा

पिल्लू हातात घेतलं की नर आहे की मादी हे मला लगेच कळतं, असं मी साऱ्या गल्लीसमोर सांगून बसलो होतो. होळी होऊन आठेक दिवस झाले होते. पिल्लंवाला मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना जाळीच्या पेट्या लटकवून आला आणि नेमका आमच्या दारासमोर थांबला. भोंग्यात त्याचाच भरून ठेवलेला आवाज, गावरान पिल्लं, गावरान पिल्लं. आमच्याकडे तेव्हा चार जुन्या कोंबड्या होत्या. बुढीचं, म्हणजे माझ्या बायकोचं म्हणणं, आणखी काही तलंगा घेऊ, दिवाळीच्या आसपास अंड्यावर येतील. तलंग म्हणजे अजून अंडं न दिलेली तरणी कोंबडी. कोंबडे तिला नको होते. अंगणात फार तर एक कोंबडा पाहिजे, असं तिचं पहिल्यापासून आहे.

मी पुढे झालो. पिल्लू दोन्ही पायांना धरायचं आणि उलटं लटकवायचं. मान वर करून फडफडलं तर नर, मुकाट लोंबकळलं तर मादी. हे मला माझ्या बापानं शिकवलं. मास्तराशी भांडून मी तिसरीतून शाळा सोडली, पण हा धडा माझा पक्का होता. एकेक पिल्लू उलटं करून मी बारा निवडली. पिल्लंवाला सारखा हसत होता. मला वाटलं, माझा हात पाहून खूश झाला.

शेजारी गाद्या भरणारा राहतो, माझ्याच वयाचा. त्याच्या दाढीत बारा महिने कापूस अडकलेला असतो. तो भिंतीवरून सगळं पाहत होता. त्यानं विचारलं, सगळ्या माद्याच काय भाऊ? मी म्हटलं, बाराच्या बारा. एक जरी कोंबडा निघाला तर माझं नाव बदलून टाक.

दोन महिन्यांत सात पिल्लांचे तुरे लाल व्हायला लागले. मी म्हटलं, तलंगांचेही तुरे लाल होतात, ऊन किती आहे पाहा. मग त्यांच्या शेपट्यांत वाकडी, चमकदार पिसं आली. मी म्हटलं, जात वेगळी आहे. एका सकाळी खुराड्यातून असा आवाज आला की जणू कोणी कोरड्या हापशाचा दांडा मारतो आहे. बुढी चहा गाळत होती, तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी म्हटलं, गल्लीतला कोणाचा तरी असेल. तेवढ्यात दुसऱ्यानं बांग दिली, मग तिसऱ्यानं, आणि भिंतीपलीकडून गादीवाल्याचा आवाज आला, "भाऊ, तुमच्या तलंगा अजान देऊन राहिल्या."

त्या दिवसापासून तो मला रोज नवीन नावानं हाक मारायला लागला. कधी शामराव, कधी गुलाबराव. नाव बदलायचं मीच कबूल केलं होतं, तक्रार कोणाकडे करणार? वर तो असंही म्हणायचा की पिल्लं निवडायच्या आधी डोळा दाखवायला पाहिजे होता. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. दोन वर्षांपासून घरचे मागे लागले होते आणि मी म्हणत होतो, एका डोळ्यानं दिसते तेवढं मले पुरते.

पण खरं सांगतो, ते सात कोंबडे पाहून मला जो आनंद झाला तो लपवता येत नव्हता. त्यातला एक लाल होता. लाल म्हणजे कसा, विटेसारखा नाही, मिरचीसारखाही नाही. उन्हात आला की मानेवरची पिसं तांब्याच्या घागरीसारखी झळकायची आणि शेपटीत हिरवा-काळा रंग असा फिरायचा की डोळा ठरत नसे. चालायचा तर पाय उचलून, मोजून, जसा काही सगळा रस्ता त्याच्या बापाचा. बांग द्यायच्या आधी पंख तीनदा फडफडवायचा आणि मान इतकी ताणायचा की मी खाटेवर बसल्या बसल्या माझी मान ताणायचो. पंचाहत्तर वर्षांत मी असा कोंबडा पाहिला नव्हता. आणि तो मी निवडला होता. मादी म्हणून निवडला, ते सोडा.

बुढीचा हिशेब वेगळा होता. नऊ कोंबड्या आणि सात कोंबडे. कोंबड्यांची पाठ पिसं तुटून तुटून उघडी पडली, एकीच्या पंखाखाली जखम झाली. जुनी काळी कोंबडी तर तुराट्यांच्या ढिगात जाऊन लपायची आणि दाणा टाकला तरी बाहेर यायची नाही. अंडी निम्म्यावर आली. तेव्हा बुढीनं जुन्या ब्लाउजच्या कापडाच्या छोट्या झुली शिवल्या, पाठीवर टाकायच्या आणि पंखाखालून नाडी बांधायची. एकेक कोंबडी फुलाफुलांची झूल घालून अंगणात फिरायला लागली. गादीवाला म्हणाला, पोळा यंदा लवकर आला वाटते. मी हसलो, पण त्या झुलींमुळे पाठी खरंच भरल्या. हे तुम्हाला सांगतो, कोणाला उपयोग झाला तर झाला.

दुसरी गोष्ट मी शोधून काढली. कोंबडे आपसांत मारामारी करतात ते कोंबड्यांसाठी. गोठा रिकामा होता, बैल गेल्यापासून. मी सहा कोंबडे गोठ्यात कोंडले, कोंबड्या दिसणार नाहीत असं पोत्याचा आडोसा केला. दोन दिवस भांडले आणि तिसऱ्या दिवसापासून सहा म्हातारे पारावर बसावे तसे गुपचूप एका आडव्या लाकडी बल्लीवर बसून राहायला लागले. लाल मात्र मी बाहेरच ठेवला. एक कोंबडा ठेवायचाच आहे ना, मग हाच.

इथंच आमचं बिनसलं. बुढीला उघड्या मानेचा कोंबडा ठेवायचा होता. त्याच्या मानेवर एक पीस नव्हतं, कातडी लाल आणि सुरकुतलेली, पाहिलं की वाटावं आताच कोणी अर्धा सोलून सोडला. पण कोंडायच्या आधी अंगणात होता तेव्हा तो दाणा दिसला की खात नसे. चोचीत उचलायचा, खाली टाकायचा, कुक कुक करून कोंबड्यांना बोलवायचा, त्यांनी खाल्लं की मग आपण. कोंबडीच्या पाठीवर बसायचा तोही जपून. लाल जो होता तो दाण्यावर पहिला आणि अंगावर धावून जाणाराही पहिला. माझ्या धोतरावर त्यानं दोनदा झेप घेतली.

बुढी म्हणाली, "रूपाले चाटता काय? कोंबड्या मरून राहिल्या माया. कर होईपर्यंत अंगणात एकच कोंबडा राहील, आन् तो लाल राहणार नाही."

कर म्हणजे आमच्याकडे पोळ्याचा दुसरा दिवस. श्रावण संपलेला असतो आणि घरोघरी मटण शिजतं. म्हणजे लालची मुदत तिनं ठरवूनच टाकली होती.   मला वाटलं, बाकीचे आधी वाटून टाकू, शेवटी दोघं उरतील तेव्हा पाहू.

दोन कोंबडे बुढीच्या भावाच्या बगीच्यात शेंदूरजनाघाटला गेले. तिथं संत्र्याच्या झाडांखाली किडे खाऊन ते असे माजले म्हणे की कुत्रंही वाट सोडतं. एक गादीवाल्याला दिला, त्याच्याकडे पाहुणे येणार होते. त्या दिवशी त्यानं मला माझ्या खऱ्या नावानं हाक मारली. राहिले चार.

मग आखाडी आली. श्रावण लागायच्या आधी आमच्याकडे जवायाला बोलावून कोंबडा खाऊ घालतात. जवाई धामणगाव रेल्वे या गावचा, माणूस चांगला आहे, पण खाण्याच्या बाबतीत त्याला लाज नाही. आला, पाणी प्याला, आणि थेट अंगणात जाऊन उभा राहिला. लाल तेव्हा खुराड्यावर चढून बांग देत होता. जवायानं त्याला खालून वर, वरून खाली पाहिलं आणि म्हणाला, "मामाजी, आज याचाच रस्सा पाहिजे. काय वजन असंल याचं."

 जवायाला नाही कसं म्हणावं? तोही आखाडीच्या दिवशी. बुढी चुलीजवळून ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर आनंदच होता, काम आपोआप होत होतं. मी म्हटलं, "तो नाही जमत जवाईबापू. तो बोललेला आहे."

कोंबडा बोललेला म्हणजे देवाला नवसात बोललेला. त्याच्यावर दुसऱ्या कोणाचा हात पडत नाही. विकता येत नाही, कापून खाता येत नाही. जवाई एक पाऊल मागे सरला. बुढीनं विचारलं, कोणाले? माझ्या तोंडात पहिलं नाव आलं ते मरीमायचं. गावाच्या शिवेवर तिचं ठाणं आहे. मी म्हटलं, मरीमायले. बुढीनं हातातला उलथणा खाली ठेवला, ओल्या हातानंच शिवेच्या दिशेनं नमस्कार केला आणि पुढे एक शब्द विचारला नाही. त्या दिवशी दुसरे दोन कोंबडे कापले, रस्सा झणझणीत झाला, जवायानं बोटं चाटली. मी जेवताना मनातल्या मनात नाचत होतो. लाल वाचला होता आणि तोही असा की आता बुढीसुद्धा त्याला हात लावू शकत नव्हती.

एवढा हुशारीचा डाव मी आयुष्यात टाकला नव्हता. बोललेला कोंबडा शेवटी द्यावा लागतो, हे मी विसरलो होतो असं नाही. पण कधी द्यायचा ते बोलणाऱ्याच्या हातात असतं, आणि बोलणारा मी होतो. मी ठरवलं होतं, कधीच द्यायचा नाही.

श्रावणात माझ्या डोळ्यानं पूर्ण दगा दिला. उजव्या डोळ्यावरही सावली आली आणि मी गोठ्याच्या खांबाला धडकलो. मग मात्र अमरावतीला नेलंच मला. डोळ्याच्या दवाखान्यात डाव्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि मला काय दिसलं? दूध. सगळीकडे दूधच दूध. डॉक्टर म्हणाले, सूज आहे, थेंब टाका, थांबा. आठ दिवस थांबलो. घरी बाजेवर पडून मी सगळ्यांवर खेकसत होतो. वरून ऐट, पण आतून भ्यालो होतो. बुढी दिवसातून सहा वेळा थेंब टाकायची आणि कामाला निघून जायची.

नवव्या दिवशी सकाळी बाहेर लाल बांग देत होता. मी उठून दारात आलो, उजव्या डोळ्यावर हात ठेवला, सवय लागली होती तशी. आणि मला भिंत दिसली. भिंतीवर लाल दिसला. नुसता लाल ठिपका नाही. मानेवरचं एकेक पीस दिसलं. पिसाच्या टोकाला पिवळी कड होती, ती मला आजवर माहीतच नव्हती. पायांवरचे खवले दिसले, तुऱ्यावर चोच लागल्याची एक जुनी खूण दिसली. मी ओरडलो काय, हसलो काय, मला आठवत नाही. बुढी धावत आली. मी तिला सांगितलं, लुगड्याच्या काठावर किती रेघा आहेत ते मोजून सांगतो, थांब. ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. गादीवाला भिंतीवरून म्हणाला, आता पिल्लं निवडा भाऊ.

पोळा झाला. कर झाली. मी बुढीकडे पाहत होतो, लालबद्दल ती चकार शब्द काढत नव्हती. मला वाटलं जिंकलो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, या मंगळवारी मरीमायचं देऊन टाकू.

मी विचारलं, कशाचं? ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू डोळ्याबरोबर माझी अक्कलही काढून घेतली. ती म्हणाली, बोललेला कोंबडा.

त्या मंगळवारी माझा गुडघा दुखला. पुढच्या मंगळवारी गणपती बसलेले, म्हटलं घरात गणपतीचे दिवस आणि रक्त कसं सांडायचं. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी काही बोलायच्या आत बुढीनं लालला डाल्याखाली झाकून ठेवलं होतं. बांबूच्या त्या टोपल्याच्या फटीतून त्याचा एक डोळा मला दिसत होता. ती म्हणाली, देवीचं ठेवून घेऊ नये, चला. मी लालला काखेत घेतलं. रस्त्यात त्यानं माझ्या मनगटावर दोन चोची मारल्या. मारू दे, म्हटलं.

मरीमायचं ठाणं म्हणजे निंबाखाली शेंदराचा दगड आणि वर पत्र्याचं छप्पर. तिथं एक भगत बसतो, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, केस खांद्यापर्यंत. नवसाचं जनावर तोच कापतो आणि मुंडकं त्याच्या वाट्याला येतं. फडक्यात गुंडाळलेली सुरी त्यानं बाहेर काढली. चार-पाच बाया दुसऱ्या कामानं आल्या होत्या, त्याही पाहायला उभ्या राहिल्या. भगतानं पाणी शिंपडलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, कोण बोललं आणि कशासाठी बोललं?

मी लालला आणखी घट्ट धरलं. लालचं काळीज माझ्या बरगडीवर धडधडत होतं. त्याचं धडधडत होतं की माझं, मला वेगळं करता येईना. इतकी वर्षं मी कधी कोणासमोर चुकलो म्हटलं नाही. मास्तरासमोर नाही, पटवाऱ्यासमोर नाही, त्या सात पिल्लांच्या वेळीही नाही. पण सुरी समोर होती. मी म्हटलं, "हा बोललेला नाही. जवायानं मागितला म्हणून म्या लबाडी केली. म्या देवीले काईच मागितलं नाही."

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. भगतानं सुरी खाली केली. मला एकदम हलकं वाटलं, अंगातून ताप उतरावा तसं. माझी इज्जत गेली तर गेली, लाल वाचला.

तेवढ्यात बुढी म्हणाली, "तुमी नसान बोलले. म्या बोलली हाये."

मी वळून पाहिलं. ती भगताशी बोलत होती, माझ्याकडे बघत नव्हती. तिनं सांगितलं की पट्टी निघून आठ दिवस झाले आणि याला दिसेना, तेव्हा ती एकटी इथं आली होती. कोंबडा तर आधीच देवीचा आहे, असं तिला वाटत होतं, काहून की नवऱ्यानंच तसं सांगितलं होतं. म्हणून तिनं त्याच कोंबड्यावर डोळा मागितला. आणि नवव्या दिवशी डोळा उघडला.

 माझं खोटं तिनं खरं करून ठेवलं होतं. आता मी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? ज्या डोळ्यानं मी लालच्या पिसांची कड पाहिली त्याच डोळ्यासाठी तो गेला होता.

भगतानं सुरी मांडीवर ठेवली. मग त्यानं बुढीला विचारलं, "माय, तुया तोंडातून शब्द काय गेला? कापीन म्हणलं, का देईन म्हणलं?"

मला या प्रश्नाचा अर्थ माहीत होता. नवसात शब्द जसा गेला तसाच पुरा करावा लागतो. कापीन म्हटलं तर कापावं लागतं. नुसतं देईन म्हटलं तर कुंकू लावून जितं सोडावं लागतं. मी बुढीकडे असा पाहायला लागलो की बस. खुणा केल्या, मान हलवली. ती म्हणाली, "डोळे नका वटारू. देवीसमोर मी तुमच्यासारखी बोलणार नाही."

तिनं डोळे मिटले. ओठ हलवून हलवून ती आठवत होती. निंबावर कावळे ओरडत होते, त्यांना मी मनात शिव्या देत होतो. मग ती म्हणाली, "म्या म्हणलं, माय, याच्या डोळ्याले उजेड दे, लाल कोंबडा आजपासून तुया."

"कापायचं नाव नाही घेतलं?"

"माया तोंडाले ते येतच नाही. कोंबडी कापायची असली की मी मागच्या दारी जाऊन बसते, हे गावाले ठाऊक हाये."

भगतानं एकदा लालकडे पाहिलं, एकदा सुरीकडे. इतकं मोठं मुंडकं त्याच्या वाट्याला पुन्हा कधी यायचं? पण माणूस सच्चा. त्यानं सुरी परत फडक्यात गुंडाळली आणि म्हणाला, आजपासून तुया म्हणलं तर तो त्याच दिवशी तिचा झाला. तिच्या कोंबड्यावर मी सुरी कशी लावू?

त्यानं लालच्या तुऱ्याला कुंकू लावलं, तुऱ्याच्या लालीत ते दिसलंही नाही. शेपटीचं एक पीस काढून दगडापुढे ठेवलं. मला म्हणाला, सोडा बाबाजी. मी हात सैल केले. लाल खाली उतरला, अंग झटकलं, आमच्याकडे पाठ केली आणि एका झेपेत पत्र्यावर. पत्रा असा वाजला की एक बाई दचकून मागे सरली. त्यानं पंख तीनदा फडफडवले, मान ताणली, आणि जी बांग दिली ती नदीपलीकडच्या शेतापर्यंत गेली असेल. मी टाळी वाजवली. मरीमायच्या ठाण्यात टाळी वाजवणारा मी पहिलाच असेन.

परत येताना बुढी पुढे आणि मी मागे.  अर्ध्या रस्त्यात मला राहवलं नाही. मी म्हटलं, पाह्य, म्या बोललोच नव्हतो, म्हणजे तुया नवसाची मुळी जागाच नव्हती. डॉक्टरच्या थेंबानं सूज उतरली.

ती थांबली. "मंग आठ दिवस थेंब काहून नाही लागला?"

  मी रस्त्यावरचा खडा पायानं उडवला आणि चालायला लागलो.

अंगणात आता उघड्या मानेचा कोंबडा आहे. काळी कोंबडी तुराट्यांतून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मूठभर ज्वारी घेऊन शिवेवर गेलो. लाल पत्र्यावर बसला होता. त्यानं मला पाहिलं, पण खाली आला नाही. मी अर्धा घंटा उभा होतो. शेवटी ज्वारी दगडाजवळ टाकली, चपला काढल्या आणि कोणी सांगितलं नसताना हात जोडले. देवीला जोडले की कोंबड्याला, ते मला विचारू नका.